बेचाळिसावी नवरी आणि एरॉलचा डबा

मार्सेल तुस्कानो सर रिटायर झाले तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता जरा शांतता मिळेल. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणजे पस्तीस वर्षं आपणच बोललो. आता गप्प बसू. पण रिटायर माणूस गप्प बसलेला दिसला की अख्ख्या नंदाखाल गावाला त्याला काहीतरी सांगावंसं वाटतं. गुडघ्याला काय चोळावं, केळीवर काय मारावं, लेकीच्या लग्नात पुलाव कुणाकडून करून घ्यावा. आणि गेले सहा महिने सगळ्यांचा लाडका विषय म्हणजे सरांची फियाट.

फियाट धूर सोडत होती. निळा, दाट धूर. ज्याला ज्याला तो दिसायचा, त्याच्याकडे त्यावर उपाय असायचा. एक म्हणे, ट्रॅक्टरचं जाड तेल घाला. दुसरा म्हणे, पेट्रोलमध्ये चमचाभर रॉकेल सोडा. आळीतल्या कॅथरिनबाईंचा नवरा म्हणाला, फादरना बोलवा आणि बॉनेट उघडून आत पवित्र पाणी मारून घ्या, बाहेरून मारून उपयोग नाही. सर सगळ्यांना "बघतो" म्हणायचे. दिवसातून वीस-वीस वेळा म्हणून म्हणून त्या शब्दाचेही दात झिजले होते.

या सगळ्यातून त्यांना वाचवणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे घराचं लोखंडी फाटक. ते उघडलं की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळायचं. तो आवाज आला की सर चहाचा कप तसाच ठेवून मागच्या दाराने वाडीत. पाहुणा ओटीवर येईस्तोवर सर केळीच्या पार शेवटच्या ओळीत, हातात कोयता घेऊन, फार कामात असल्यासारखे उभे. त्यांची बायको क्लाराबाई पाहुण्याला सांगायची, ते वाडीत आहेत. हे खोटं नव्हतं.

पण नोव्हेंबरात कधीतरी त्या फाटकाने ओरडणं सोडलं. सरांना वाटलं, तेही थकलं असेल.

आता ही फियाट म्हणजे काही साधी गाडी नव्हती. एकाहत्तर सालची, सायीच्या रंगाची. त्र्याहत्तरमध्ये आळीतल्या फ्लॉसीच्या लग्नात ठरवलेली गाडी आलीच नाही, तेव्हा सरांनी आपली काढली. फ्लॉसीचा संसार चांगला झाला. मग तिच्या बहिणीने हट्ट धरला, मग शेजारच्या बेटीने, आणि बघता बघता आळीत रिवाजच पडला की नवरी चर्चला जाणार ती मार्सेल सरांच्या गाडीतून, आणि चालवणार सर. आळीतल्या बाया लग्नाची तारीख सांगायच्या नाहीत, नंबर सांगायच्या. मी सातवी, ती एकोणिसावी. एकेचाळीस नवऱ्या झाल्या होत्या.

यात गाडीचं काय होत होतं, ते फक्त सरांना माहीत. नवरीच्या पुढे बँड चालायचा, आणि बँडवाले काही पळत नाहीत. घरापासून चर्चपर्यंत किलोमीटरभर रस्ता, पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि पुढे थॉमस बँडमास्तर, त्याला प्रत्येक दारासमोर उभं राहून एक कडवं जास्त वाजवायची खोड. एकेचाळीस वेळा. असल्या कामासाठी जगात कुणी गाडी बनवत नाही.

आणि आता बेचाळिसावी होती ती सरांची स्वतःची मुलगी. टिफनी मुंबईत बँकेत होती, नवरा मुलगा होळी गावचा, लग्न जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, साल नव्याण्णव. टिफनीला खरं म्हणजे एरॉलमामाच्या नव्या, एसी गाडीतून जायचं होतं. पण तिने बापाचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "डॅडी, तुमच्याच गाडीतून जाईन मी. फक्त मध्ये रस्त्यात मला उतरायला लावू नका. एवढंच."

एवढंच. सरांना त्या दिवसापासून नीट झोप नव्हती.

ते गाडी घेऊन सातिवलीला गेले, जयरामच्या गॅरेजवर. जयराम फार बोलणारा माणूस नव्हता, म्हणून सरांना तो आवडायचा. त्याने गाडी चालू केली, धुराकडे बघितलं, ऑइलच्या झाकणावर हात ठेवला, वास घेतला आणि गाडी बंद केली.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या, सर. इंजिन खोलायला लागंल. आठ दिवस."

सरांनी विचारलं, खोलल्याशिवाय काही होत नाही का. आजकाल डबे मिळतात म्हणे, तेलात टाकायचे.

"झिजलेलं लोखंड डब्यातून परत येत नाय," जयराम म्हणाला. "तेल बदला, तेल वेळेवर बघा, बाकी आत कायपन टाकू नका. तुमीच शिकवलंय ना आमाला घर्षन."

जयराम त्यांचाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. त्याला घर्षण नीट समजलं होतं याचं सरांना बरंही वाटलं आणि कंटाळाही आला. इंजिन खोलायचं म्हणजे आठ दिवसांचे जयराम बारा करणार, मग एखादा भाग कुर्ल्याहून यायचा राहणार, आणि घरात तर आमंत्रणं, मंडप, बांगड्या, पाहुणे. सर म्हणाले, लग्न होऊ दे, मग खोलू. जयरामने मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे सरांनी विचारलं नाही.

डब्यांबद्दल त्यांनी विचारलं ते एरॉलमुळे. एरॉल म्हणजे क्लाराबाईंचा धाकटा भाऊ. चांगली नोकरी होती त्याला, पण वर्षभरापूर्वी कुणीतरी त्याला हॉटेलात सभेला नेलं आणि टाय बांधून परत पाठवलं. तेव्हापासून तो 'मोटो-अमृत' विकायचा. पिवळा एक लिटरचा डबा. हा तेलात टाकला की इंजिन म्हातारं होत नाही, आवाज करत नाही, ॲव्हरेज वाढतं आणि पन्नास हजार किलोमीटर झाकण उघडावं लागत नाही. त्यात एक पांढरा पदार्थ होता म्हणे, न चिकटणाऱ्या तव्याला लावतात तसला, तो इंजिनाला आतून थर देतो. शिवाय आपल्याखाली चार माणसं जोडली की त्यांनीही टाय बांधायचा.

एरॉलकडे एक यंत्र होतं. छोटी मोटर, त्यावर फिरणारं लोखंडी कडं आणि त्या कड्यावर वजनाने दाबायची एक दांडी. साध्या तेलात कडं फिरवलं की दांडी टेकताच ते कर्कश ओरडून थांबायचं. दोन थेंब अमृत घातलं की कितीही वजन लावा, फिरतच राहायचं. ऑक्टोबरात एका रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने हे यंत्र चर्चच्या आवारात मांडलं. गर्दी जमली. आंब्याच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याही उठून आल्या. सर शांतपणे घरी निघाले होते, तेवढ्यात एरॉलने सगळ्यांसमोर हाक मारली, भावजी सायन्सचे आहेत, भावजींना विचारा.

सरांनी फक्त एवढंच विचारलं, की इंजिनात असं कडं कुठे असतं आणि त्याला अशी दांडी कोण दाबतं. मग म्हणाले, "एकदा याच्या जागी खोबरेल घालून बघ ना, एरॉल. तेवढंच चालेल बहुतेक."

लोक हसले. एरॉलही हसला, पण कानापर्यंत लाल झाला, आणि त्या दिवशी एकही डबा गेला नाही. क्लाराबाई आठ दिवस सरांशी मोजकं बोलत होत्या. मोजकं म्हणजे "जेवायला या" आणि "गुडघा दुखतोय तर दुखू दे." शेवटी घरात शांतता नांदावी म्हणून सरांनी एरॉलचा एक डबा ठेवून घेतला. वापरायचा नाही असं मनाशी ठरवून. लग्न झालं की तसाच भरलेला, झाकणासकट, गोड बोलून परत करायचा. तो डबा विहिरीशेजारच्या पडवीत जाऊन बसला.

पण एरॉल काही बसला नाही. दर चार दिवसांनी यायचा. आणि आता फाटक गप्प असल्यामुळे तो थेट सरांच्या समोरच उभा असायचा, सरांच्या तोंडात बिस्कीट असताना.

"टाकलंत का, भावजी?"

"बघतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, सर गाडी घेऊन आगाशीला फुलांचं सांगायला गेले. येताना चढावर गाडीने असा काही धूर सोडला की मागून येणारा सायकलवाला दिसेनासा झाला. धूर निवळला तेव्हा तो माणूस सायकलसह एका वाडीच्या पाटात बसला होता, मांडीवर दोन कोबी. सरांनी उतरून त्याला उठवलं, माफी मागितली. त्याने चिखल झटकत सांगितलं की इंजिनात अमुक एक तेल टाका, त्याच्या भाऊजींच्या टेम्पोला गुण आला होता.

सर घरी येऊन ओटीवर बसले. सर्दीने नाक चोंदलं होतं. घरात पाहुण्यांचा कलकलाट, क्लाराबाई चर्चमध्ये सजावट बघायला गेलेल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. रिंग झिजते म्हणजे काय होतं, तेल वर का चढतं, फळ्यावर हजार वेळा काढलेली आकृती डोळ्यांसमोर होती. जयराम बरोबर होता. पण उद्या दुपारी तीन वाजता जयराम बरोबर असण्याचा काय उपयोग होता? थकलेल्या माणसाला बरोबर उत्तर नको असतं, काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं असतं. सर उठले, पडवीत गेले आणि इकडेतिकडे बघून पिवळा डबा उचलला. पस्तीस वर्षांत त्यांनी कॉपी करणारी पोरं पकडली होती. आज पहिल्यांदा त्यांना कळलं की त्या पोरांना कसं वाटत असेल.

झाकण उघडलं तर आत पांढरं, गोठलेलं. सरांना एरॉलचा तो पांढरा पदार्थ आठवला. काही असलं तरी पोरगा थापा मारत नव्हता म्हणायचा. वास घेऊन बघितला, पण नाक बंद. मग थंडीत आपण खोबरेलाची बाटली ठेवतो तसा डबा उन्हात ठेवला, अर्ध्या तासात पाण्यासारखं पातळ झालं, आणि गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी सगळा लिटरच्या लिटर आत ओतला. आधीचं तेल काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. गाडी चालू केली. आवाज खरंच मऊ आला. डबा केळीत पुरून टाकला, आणि त्या रात्री सर महिन्याभरात प्रथमच गाढ झोपले.

शनिवारी तीन वाजता सगळं ठरल्यासारखं. फियाटवर झेंडू आणि रिबिनी, मागच्या सीटवर पांढऱ्या झग्यात टिफनी, शेजारी क्लाराबाई. पुढे थॉमसचा बँड, मागे सगळी आळी चालत, बाया ठेवणीतल्या साड्यांत, आणि सगळ्यांत शेवटी एरॉलची नवी पांढरी गाडी, उगीचच. पहिली दहा मिनिटं सरांच्या आयुष्यातली उत्तम होती. गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. मग थॉमस बेटीच्या दारात थांबला, तिथे एक कडवं जास्त वाजवलं, आणि इंजिन तापायला लागलं.

आधी वास बँडवाल्यांना आला. क्लॅरिनेटवाल्याने वाजवता वाजवता मान वळवली. मग कुत्री आली, तीन. मागे चालणाऱ्या बायांत कुजबूज सुरू झाली की स्वयंपाक हॉलवर होता ना, मग इथे कोण तळतंय. धूर आजही होता, पण निळा नाही. पांढरा, खमंग, सणाला घरोघरी येतो तसा. थॉमसने भुकेने की काय, ताल वाढवला.

"डॅडी," टिफनीने विचारलं, "कुणी भजी तळतंय का?"

सरांच्या नाकाला काहीच कळत नव्हतं. पण मागे क्लाराबाईंनी तो वास लगेच ओळखला. त्या पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, एरॉलचा डबा तुम्ही गाडीत ओतलात?"

सर समोर बघत राहिले. "हो."

"त्यात आपलं खोबरेल होतं."

मग टिफनीच्याही कानी पडेल एवढ्या आवाजात सगळं बाहेर आलं. डबा पडवीत नुसता पडलेला, म्हणून क्लाराबाईंनी घरकामाला थोडं थोडं वापरलं. थोडं थोडं करता संपलं. आणि डबा तर परत करायचा होता, भावाला रिकामा कसा द्यायचा? म्हणून घरच्या घाण्याचं खोबरेल बरोबर झाकणापर्यंत भरून ठेवलं, वजनाला फरक नको.

"आणि तुम्हीच म्हणालात ना सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या, "खोबरेल तेवढंच चालेल."

सरांना यावर काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात फियाटने दोन उचक्या दिल्या, आणि बावखलाच्या काठाशी, तळ्यातल्या बदकांच्या समोर, ती शांतपणे बंद पडली. स्टार्टर फिरला, पुन्हा फिरला, मग नुसता कण्हला. बँड पुढे गेला. बँडला आपल्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि तसाच वाजवत चर्चच्या दारात पोचला. फादर पवित्र पाणी घेऊन पायरीवर उभे होते. त्यांनी मोठ्या अदबीने बँडवर शिंपडलं आणि मग नवरी शोधायला लागले.

इकडे एरॉलने गाडी पुढे काढली. काच खाली आली, आतून गार हवा बाहेर आली.

"टिफू, चल, बस. भावजी, काही वाईट वाटून घेऊ नका. होतं असं."

सरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. त्यांनी मान वळवून त्या चकचकीत गाडीकडे बघितलं. रागवायलाही जोर लागतो, तो नव्हता. फक्त विचारलं, "एरॉल, तुझ्या गाडीत टाकलंयस ना रे, अमृत?"

एरॉलने टाय सारखा केला. "नाही भावजी. नवीन आहे ना. असलं काही टाकलं तर वॉरंटी जाते."

सर दार उघडायला लागले. टिफनीने फक्त एकच गोष्ट मागितली होती. तिला हात धरून उतरवायचं आणि एरॉलच्या गाडीत बसवायचं, एवढं तरी स्वतः करावं, असं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार लावलं. फ्लॉसी होती. पन्नाशीची, अंगाने भरलेली, लाल साडीचा पदर कमरेला खोचत.

"सर, बसा आत," ती म्हणाली. "गिअर काढा."

ती मागे गेली आणि तिने नुसतं नाव घेतलं, "बेटी." बेटी आली. मग कॅथरिनबाई, पर्स नवऱ्याच्या हातात देऊन. मग सातवी, मग एकोणिसावी आणि विसावी, त्या सख्ख्या जावा आणि दोन वर्षं अबोला, पण एकाच बंपरला लागल्या. आरशात सरांना चौदा-पंधरा बायका दिसल्या, फुलं माळलेल्या, दात आवळलेल्या. नवरे सल्ले द्यायला लागले, स्टिअरिंग डावीकडे ठेवा, नाही उजवीकडे. फ्लॉसीने त्यांना तोंडं बंद ठेवायला सांगितलं. गाडी हलली.

टिफनी उतरली नाही. पहिल्या झटक्याला घाबरून तिने आईचा हात धरला, मग मागच्या काचेतून त्या बायकांकडे बघून तिला हसू आलं, आणि मग रडू. सर स्टिअरिंग धरून होते. ना क्लच, ना ब्रेक, ना आवाज. एकेचाळीस फेऱ्यांत एकदाही गाडी इतकी सरळ गेली नव्हती. त्यांच्या डोक्यात फक्त एवढंच येत होतं की निदान हॉर्न चालतोय, आणि चर्च दिसल्यावर तो त्यांनी वाजवला.

लग्न छान झालं. पुलाव कमी पडला. रस्त्यातल्या वासाने लोक भुकेले होते.

फियाट सातिवलीला दोरीने ओढत गेली. जयरामने प्लग काढले, ते तेलाने थबथबलेले. एक लिटर वरून ओतलं, आधीचं काढलं नाही, रिंगा नव्हत्याच, मग तेल जाणार कुठं, असं त्याने सरांना सरांच्याच जुन्या आवाजात समजावून सांगितलं. मग तो बोट नाकाशी नेऊन जरा थांबला आणि म्हणाला की तीस वर्षांत असलं चवीचं इंजिन त्याने खोललं नव्हतं. आठ दिवस लागतील.

पुढच्या रविवारी सर ओटीवर चहा पीत होते, शेजारी क्लाराबाई, बाकी घर रिकामं. टिफनीची खोली बंद. वर बघितलं तर समोर एरॉल.

तो खुशीत होता. लग्नातला फोटो त्याने मोठा करून घेतला होता: फियाट, झेंडू, मागे रेटणाऱ्या बायका. हा फोटो तो आता यंत्राशेजारी ठेवायचा. लोकांना सांगायचा, माझ्या भावजींची गाडी, इंजिन बंद पडलं तरी चर्चपर्यंत पोचली. शब्द न् शब्द खरा होता. आगाशीत आठवड्यात अकरा डबे गेले. सरांनी त्याला खोबरेलाचं सांगायला तोंड उघडलं, मग क्लाराबाईंकडे बघितलं आणि चहा प्यायले. जाता जाता एरॉलने खिशातून एक लोहचुंबक काढून टेबलावर ठेवला. पेट्रोलच्या पाइपला बांधायचा, ॲव्हरेज वाढतं, नवीन आलंय. भावजी सायन्सचे आहेत, बघून सांगा.

"बघतो," सर म्हणाले.

एरॉल गेला. फाटक उघडलं आणि लागलं, पण पान हललं एवढाही आवाज नाही. सरांनी कप खाली ठेवला आणि त्या फाटकाकडे बघितलं.

"क्लारा," ते म्हणाले, "तू ते खरं अमृत घरकामाला वापरलंस म्हणालीस. नक्की कशाला?"

क्लाराबाईंनी बोटावर सांगितलं. विहिरीची कप्पी, शिवणयंत्र, कपाटाची बिजागरी, आणि सगळ्यात जास्त फाटकाला, ते मेलं फार किंचाळायचं. "चांगलं आहे हो तेल," त्या मनापासून म्हणाल्या. "दोन महिने झाले, एकदा कुरकुरलं नाही. उगीच नाव ठेवता माझ्या भावाला."

सर उठले. मोरीतून रॉकेल आणि फडकं घेतलं, स्वयंपाकघरातून मूठभर मीठ घेतलं आणि तांब्याभर पाण्यात विरघळवलं. मग गुडघा सांभाळत फाटकापाशी जाऊन बसले. बिजागरी रॉकेलने घासून घासून कोरडी केली आणि वर मिठाचं पाणी थेंब थेंब सोडलं. क्लाराबाई ओटीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय, आणि असा गंज धरायला किती दिवस लागतात.

"जयराम म्हणतो तेवढे," सर म्हणाले. "आठ."

त्यांनी फाटक एकदा उघडून, लावून बघितलं. अजून गप्पच होतं. सरांनी तांब्या पुन्हा वाकडा केला.